इच्छेबद्दल खरं, किमतीबद्दल खोटं

माझ्या भाचीला चौदावं संपून पंधरावं लागलंय. मे महिन्यात आमच्याकडे राहायला आली तेव्हा तिने माझ्या कपाटातून एक काळं पुस्तक काढलं. मुखपृष्ठावर दोन पांढरेफटक हात आणि ओंजळीत लालभडक सफरचंद. स्टेफनी मायर यांची 'ट्वायलाइट'. पुढचे तीन दिवस ती हाका मारल्याशिवाय जेवायला उठली नाही. चौथ्या दिवशी सकाळी चहा घेताना म्हणाली, "मावशी, तो रोज रात्री तिच्या खोलीत येऊन बसतो आणि ती झोपलेली असताना तिला बघत राहतो. तिला न सांगता. किती क्रीपी आहे हे!" मी म्हटलं, "आहेच." मग बिस्किट चहात बुडवत, माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "पण मी काल दोन वाजेपर्यंत तेच वाचत होते."

ही कादंबरी येऊन वीस वर्षं झाली आणि तिच्यावरून होणारी भांडणंही तेवढीच जुनी आहेत. त्यात एका बाजूचे लोक भाचीचं पहिलं वाक्य म्हणतात आणि पुस्तक मुलींच्या हातातून काढून घ्यायला बघतात. दुसऱ्या बाजूचे दुसरं वाक्य म्हणतात आणि पहिलं ऐकूनच घेत नाहीत. मला ही पोरगीच जास्त बरोबर वाटते. तिने पुस्तकाला सूट दिली नाही आणि स्वतःच्या जागरणाची लाजही बाळगली नाही.

ज्यांनी वाचलेली नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात सांगते. बेला स्वान, वय वर्षं सतरा. आईने दुसरं लग्न केलंय. तिला नव्या नवऱ्याबरोबर मोकळेपणाने फिरता यावं म्हणून बेला ॲरिझोनातलं ऊन सोडून वडिलांकडे राहायला येते. ते वॉशिंग्टन राज्यातल्या फोर्क्स नावाच्या गावी पोलीसप्रमुख आहेत. गाव एवढंसं, पाऊस बाराही महिने. शाळेत ३५७ मुलं, ही ३५८ वी. जीवशास्त्राच्या तासाला तिच्या शेजारी बसतो एडवर्ड कलन. देखणा, अबोल, आणि हिच्या अंगाला घाण वास येत असावा अशा थाटात बाकाच्या पार टोकाला सरकलेला. तो व्हॅम्पायर आहे. १९१८ साली शिकागोत इन्फ्लुएंझाच्या साथीत मरता मरता एका डॉक्टरने त्याला व्हॅम्पायर करून 'वाचवलं', तेव्हापासून तो सतराचाच आहे. हे कुटुंब माणसांऐवजी जनावरांचं रक्त पितं आणि थट्टेने स्वतःला शाकाहारी म्हणवून घेतं. पण बेलाच्या रक्ताचा वास त्याला वेड लावतो. जिच्यावर जीव जडला तिचाच जीव घ्यावासा वाटतो, आणि कादंबरी उभी राहायला एवढं पुरतं.

(माझ्या आईला मी ही गोष्ट सांगितली होती. ती म्हणाली, "म्हणजे मुंजाच की." लग्नाआधी गेलेला, वय थांबलेला, एका मुलीच्या मागे लागलेला. फक्त पिंपळावर राहायच्या ऐवजी काचेच्या बंगल्यात राहतो आणि पियानो वाजवतो. व्हॅम्पायरची याहून चांगली मराठी व्याख्या मला अजून मिळालेली नाही.)

मायरबाईंना या गोष्टीचं स्वप्न पडलं ते २ जून २००३ च्या रात्री. पदरात तीन लहान मुलं, पूर्वी काही छापून आलेलं नाही. स्वप्नात जंगलातलं एक मोकळं कुरण, एक साधीशी मुलगी आणि उन्हात चमचमणारा एक मुलगा, दोघं बोलत बसलेली. सकाळी उठून त्यांनी ते संभाषण लिहून काढलं. तेच आज कादंबरीचं तेरावं प्रकरण आहे. आधी तिथून शेवटापर्यंत लिहिलं, मग मागे जाऊन सुरुवात लिहिली, आणि तीन महिन्यांत पुस्तक पुरं झालं. फोर्क्स हे गाव तोवर त्यांनी पाहिलेलंही नव्हतं. अमेरिकेत सर्वांत जास्त पाऊस कुठे पडतो हे इंटरनेटवर शोधून त्यांनी ते निवडलं. ऑक्टोबर २००५ मध्ये पहिला भाग आला, २००८ पर्यंत आणखी तीन. सगळ्यांच्या मिळून दहा कोटींहून जास्त प्रती खपल्या.

पुस्तक कसं बांधलंय ते या जन्मकथेतून नीट कळतं. आधी कुरण होतं, बाकी सगळं त्या कुरणापर्यंत पोचायचा रस्ता म्हणून लिहिलं गेलं. चोवीस प्रकरणांच्या या कादंबरीत खलनायक येतो अठराव्यात. तोवर काय घडतं? दोघं कॅन्टीनमध्ये बोलतात. गाडीत बोलतात. तो एक दिवस शाळेत येत नाही, ती खिडकीबाहेर बघते. एकदा घसरत आलेल्या गाडीखाली चिरडण्यापासून तो तिला वाचवतो आणि मग कबूलच करत नाही. कथा-कादंबरीच्या कार्यशाळेत असं हस्तलिखित दिलं तर लाल रेघा मारून परत येईल. पण प्रेमात पडलेल्या सतरा वर्षांच्या मुलीचा दिवस नेमका असाच तर असतो! तो आज आला का, त्याने बघितलं का, बघितलं तर कसं बघितलं. या बारीकसारीक हिशेबात माणूस आठवडे घालवतो, आणि त्या हिशेबाला पाचशे पानं द्यायची हिंमत या बाईंनी केली. संथपणाची तक्रार पुष्कळांनी केली, पण माझ्या मते तीच या पुस्तकाची कमाई आहे.

दुसरी कमाई नजरेची. इथे बघणारी मुलगी आहे आणि बघितला जाणारा मुलगा. त्याचे केस, जबड्याची रेघ, डोळ्यांचा कधी काळा कधी मधाळ होणारा रंग, सदऱ्याची उघडी कॉलर. बेला बघतच राहते आणि थकत नाही. आपल्याकडे बाईच्या तोंडी शृंगार पुष्कळ आहे. गौळणी आहेत, लावण्या आहेत. पण गौळण लिहिली एकनाथांनी, लावणी लिहिली होनाजी बाळाने आणि राम जोशींनी. बाईला काय हवंसं वाटतं हे बाईच्या आवाजात पुरुषांनी सांगितलं, आणि त्यातही बहुतेक वेळा बाई स्वतःच्याच नटण्यामुरडण्याचं वर्णन करते, समोरच्याच्या जबड्याचं नाही. म्हणून २००९ मध्ये, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना, लोकलमध्ये हे पुस्तक वाचताना मला कोणीतरी चोरून माझी वही वाचल्यासारखं वाटलं होतं. पुस्तकाला अर्थात वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं होतं. शेजारचा मुलगा हेरकथा उघड्यावर वाचायचा, त्याला कव्हराची गरज पडत नव्हती.

आणि तिसरी गोष्ट, जी टीकाकारांच्या फारशी लक्षात आलेली दिसत नाही. मायरबाई मॉर्मन पंथाच्या आहेत, लग्नाआधी संबंध नको हे त्या पंथात पक्कं, आणि पहिल्या तीन भागांत दोघं चुंबनापलीकडे जात नाहीत. यावरून 'ब्रह्मचर्याचा प्रचार' अशी भरपूर टिंगल झाली. पण नीट बघा, इथे आवरतं कोण घेतंय? पहिल्या चुंबनात बेला स्वतःला विसरून त्याच्या केसांत बोटं गुंतवते आणि तो दगडासारखा स्तब्ध होतो. 'जपून राहा', 'आपणच सांभाळायचं असतं', 'मुलीच्या जातीला शोभत नाही', ही जी वाक्यं आपण वयाच्या बाराव्या वर्षापासून ऐकतो ती इथे मुलाच्या गळ्यात बांधलेली आहेत. वाहवत जायची मुभा मुलीला, शुद्धीवर राहायची जबाबदारी मुलाची. चौदा-पंधराच्या मुलीला हे केवढं मोठं सुख आहे, हे स्वतः ती मुलगी असल्याशिवाय कळणार नाही.

आता दोष. भाषेपासून सुरुवात करते, कारण तो सगळ्यांना दिसतो. एडवर्ड परफेक्ट आहे, त्याचा चेहरा परफेक्ट, आवाज परफेक्ट, हसू वाकडं पण परफेक्ट. त्याची छाती संगमरवरी, हात संगमरवरी. तो साधं बोलत नाही, कुजबुजतो, पुटपुटतो किंवा गालात हसतो. भयकथांचे लेखक स्टीफन किंग यांनी २००९ मध्ये मायरना लिहिता येत नाही असं सरळ सांगितलं होतं आणि त्यावरून मोठा गदारोळ झाला. (मुली हे का वाचतात याचं कारणही त्यांनी त्याच वेळी सांगितलं होतं, की इथे प्रेमाचा थरार आहे पण धोका नाही. ते मात्र फार कोणी ऐकलं नाही.) वाक्याच्या पातळीवर किंगसाहेबांशी मी भांडणार नाही. एक मोठा कारागिरीचा दोषही सांगून टाकते. शेवटच्या झटापटीत, जिच्या डोळ्यांनी आपण सगळं बघतोय ती बेला बेशुद्ध पडते. खलनायकाचा निकाल पानाबाहेर लागतो. साडेचारशे पानं वाट बघायची आणि मुख्य प्रसंगाला निवेदिका झोपलेली! भाची म्हणाली, "मॅच बघताना शेवटच्या ओव्हरला लाइट गेल्यासारखं झालं."

तरीही लेखिकेला काहीच येत नाही असं मी म्हणू शकत नाही, आणि त्याचं कारण दुसऱ्या भागातली चार पानं. 'न्यू मून' मी फुटपाथवरून घेतली होती, अर्थातच पायरेटेड, गुळगुळीत कागदाची. एडवर्ड बेलाला सोडून निघून जातो, आणि मी पान उलटलं तर पुढच्या पानावर फक्त 'ऑक्टोबर'. पुढे 'नोव्हेंबर'. मग 'डिसेंबर', 'जानेवारी'. बाकी कोरं. मी तणतणत त्या विक्रेत्याकडे गेले, म्हटलं, मजकूर छापायचाच राहिलाय. त्याने शांतपणे गठ्ठ्यातली दुसरी प्रत उघडून दाखवली. तिसरी दाखवली. सगळ्यांत कोरं. मग म्हणाला, "ताई, ते तसंच आहे. सगळ्याच परत घेऊन येतात." स्टेशनच्या जिन्यावर उभं राहून मी ती पानं पुन्हा बघितली आणि मला जे झालं ते मी कुठल्याच 'दर्जेदार' विरहकाव्याने झालेलं आठवत नाही. चार महिने तिच्याकडे सांगण्यासारखं काहीच नव्हतं. जी बाई एकाच जबड्यावर दहा विशेषणं उधळते, तिला गप्प कुठे बसायचं हेही माहीत होतं.

म्हणजे हवंसं वाटणं, वाट बघणं, सोडून दिलं जाणं, यांबद्दल हे पुस्तक खरं बोलतं. खोटं बोलतं ते किमतीबद्दल. त्या हवंसं वाटण्याची किंमत काय आणि ती कोण भरतं, हा प्रश्न आला की मायर नजर चुकवतात. माझी तक्रार ही आहे, आणि ती 'बेला दुबळी आहे' या नेहमीच्या तक्रारीपेक्षा वेगळी आहे. दुबळ्या नायिका साहित्याला चालतात.

पहिल्या तीन भागांत किंमत स्पष्ट मांडलेली असते. एडवर्डसारखं व्हायचं तर मरावं लागेल, आईवडिलांना कायमचं सोडावं लागेल, मूल होणार नाही, नवखा व्हॅम्पायर रक्तासाठी वर्षभर पिसाळलेला असतो, आणि एडवर्डच्या मते आत्माही गमवावा लागतो. फार मोठी बोली आहे. आपण दोन हजार पानं त्या धास्तीत वाचतो. चौथ्या भागात एकेक हप्ता माफ होत जातो. मूल होतं. वडील येऊन-जाऊन राहतात. ती व्हॅम्पायर झाल्यावर पिसाळतच नाही, पहिल्या दिवसापासून तिचा ताबा थक्क करणारा. वर सौंदर्य, चपळाई आणि अमरत्व. शेवटी ज्या लढाईसाठी दोन बाजूंचं सैन्य बर्फात समोरासमोर उभं राहतं ती लढाईही होत नाही, बोलाचालीवर मिटते. बाळंतपणात ती मरणाच्या दारी जाऊन येते, ते प्रकरण अंगावर येतं, हे मान्य. पण त्यानंतर हिशेबाची वहीच बंद.

आणि ज्या गोष्टींची खरोखर किंमत मोजावी लागते त्यांना मात्र इथे प्रेमाचं लेबल लावलंय. रात्री खिडकीतून येणं ही सुरुवात. तिसऱ्या भागात बेलाने जेकबला, म्हणजे माणसाचा लांडगा होणाऱ्या तिच्या मित्राला, भेटायला जाऊ नये म्हणून एडवर्ड तिच्या जुन्या लाल ट्रकच्या इंजिनातला एक भाग काढून ठेवतो. नंतर स्वतः बाहेरगावी जाताना तिच्यावर नजर ठेवायला बहिणीला सांगतो आणि बदल्यात बहिणीला पिवळी पोर्श गाडी देतो. बेला चिडते, मग विरघळते, कारण हे सगळं 'तिच्या सुरक्षिततेसाठी' असतं. जेकबही काही कमी नाही. तो तिचं जबरदस्तीने चुंबन घेतो, ती त्याला ठोसा मारते, हात तिचाच मोडतो, आणि तिचे वडील, पोलीसप्रमुख बरं का, जेकबचं कौतुक करतात! माझ्यासाठी चारही भागांतला सर्वांत भयंकर प्रसंग हाच. रक्त पिणाऱ्यांचं मला काही वाटलं नाही.

इथे कोणी म्हणेल, कल्पनारम्य गोष्टीला एवढं काय धरायचं? मी धरते, कारण यातला ट्रक कल्पनारम्य नाही. 'एकतर्फी प्रेमातून' हे दोन शब्द मराठी वर्तमानपत्रात ज्या बातम्यांच्या डोक्यावर छापले जातात त्या आपण सगळ्यांनी वाचल्या आहेत. मुलीचा पाठलाग करणं हा स्वतंत्र गुन्हा म्हणून आपल्या कायद्यात आला तो २०१३ मध्ये, कलम ३५४ड, आता न्यायसंहितेत कलम ७८. तोवर ते 'मागे लागणं' होतं, आणि पडद्यावरचे आपले नायक ते करूनच नायिका मिळवत. फोर्क्सच्या एडवर्डला बोल लावताना हे विसरून चालणार नाही. आमच्या पिढीला खिडकीत उभा राहणारा मुलगा आधीपासून ओळखीचा होता. इंग्रजीत तो जरा अदबीने बोलतो, एवढंच.

मायर यांच्या कानावर हे आक्षेप गेले होते. दहा वर्षं झाली तेव्हा, २०१५ मध्ये, त्यांनी हीच गोष्ट मुलगा-मुलगी अदलाबदल करून पुन्हा लिहिली. 'लाइफ अँड डेथ'मध्ये बो नावाचा साधा मुलगा आणि ईडिथ नावाची व्हॅम्पायर मुलगी आहे. म्हणणं असं, की बेला असहाय आहे ती बाई म्हणून नाही, बलाढ्यांमधला माणूस म्हणून. युक्तिवाद कच्चा नाही. पण वाचताना उलटंच होतं. ईडिथ बोच्या खोलीत येऊन त्याला झोपलेला बघते तेव्हा प्रसंग जरासा विनोदी, जरासा विचित्र वाटतो, आणि पहिल्या पुस्तकात आपल्याला तसा का नाही वाटला हा प्रश्न पुस्तक मिटल्यावरही सोडत नाही. २०२० च्या 'मिडनाइट सन'मध्ये तीच गोष्ट एडवर्ड सांगतो. त्यात तर पहिल्या तासाला बेलाच्या वासाने पेटून तो अख्ख्या वर्गाला मारून टाकायचं गणित मांडत असतो. आपण राक्षस आहोत असं तो पानोपानी म्हणतो. लेखिका मात्र त्याचं बोलणं मनावर घेत नाही. आपली चूक घोळवून घोळवून सांगणारा आणि तीच पुन्हा करणारा पुरुष. असे मी पाहिले आहेत, त्यांना पियानो येत नव्हता.

मग किंमत भरतं कोण? दोन नावं घेते. एक लीया क्लिअरवॉटर. जेकबच्या टोळीतली, माणसाचा लांडगा होणारी एकुलती एक मुलगी. तिचा ठरलेला मुलगा, सॅम, एका नजरेत तिच्या नात्यातल्या बहिणीचा होऊन जातो, कारण या गोष्टीत लांडग्यांचं प्रेम जन्माची गाठ म्हणून आपोआप 'उमटतं', त्यात कोणाचा दोष धरायचा नसतो. लीयाने तो धरला. पुढे टोळीत सगळ्यांना एकमेकांच्या मनातलं ऐकू येतं, म्हणजे रोज तिने त्याचं सुख ऐकायचं. त्यात तिची पाळी थांबलीय, वयाच्या विसाव्या वर्षी. ती कडवट बोलते आणि बाकी सगळे तिला वैतागतात. चौथ्या भागाचा मधला तुकडा जेकब सांगतो, तिथे ती दोनचार पानं मोकळेपणाने बोलते, आणि मला वाटलं, ही बघा खरी कादंबरी. जिला प्रेमाचं बिल आलं आणि माफी मिळाली नाही अशी या चार पुस्तकांतली ही एकच मुलगी. शेवटी सगळ्यांची सोय लागते, अगदी जेकबचीही. नुकत्याच जन्मलेल्या बाळावर त्याचं प्रेम 'उमटवून' लावलेली ती सोय इतकी ओशाळवाणी आहे की तिच्याबद्दल आणखी लिहीत नाही. लीयाची सोय लागत नाही. लेखिका तिला विसरून जाते.

दुसरं नाव कुण्या एकाचं नाही. फोर्क्सजवळ समुद्रकाठी ला पुश इथे क्विल्यूट जमात राहते, जेकब आणि लीया याच जमातीतले. ही लोकं खरी आहेत. त्यांची राखीव जमीन जेमतेम एक चौरस मैल. त्यांच्या मूळकथेत क्वाती नावाच्या रूपपालट करणाऱ्याने लांडग्यांपासून माणसं केली. मायर यांनी तो धागा उचलला आणि त्याला व्हॅम्पायरांशी हाडवैर, अंगावर केस फुटणं, रागाच्या भरात होणाऱ्या बायकोचा चेहरा ओरबाडणारा पुरुष, असं सगळं जोडलं. नाव मात्र खरंच ठेवलं. ड्रॅक्युलाछाप मंडळींना कलन, व्होल्तुरी अशी लेखिकेने ठरवलेली नावं मिळाली, आणि जिवंत जमातीला तिचं स्वतःचं. पुढे दागिने, टी-शर्ट, सहलीच्या बसगाड्या, सगळं त्यांच्या नावावर खपलं, त्यांना न विचारता. सिॲटलच्या बर्क संग्रहालयाने जमातीबरोबर मिळून 'आमचं खरं काय आणि ट्वायलाइटमधलं काय' हे सांगणारी माहिती तयार केली, ती वाचण्यासारखी आहे. त्या जमातीची शाळा समुद्राला इतकी खेटून होती की त्सुनामी आली तर मुलं जायची कुठे हा प्रश्न. २०१२ मध्ये अमेरिकी संसदेच्या कायद्याने लगतच्या राष्ट्रीय उद्यानातली उंचावरची जमीन त्यांना मिळाली, आणि नवी शाळा उभी राहिली २०२२ मध्ये. तोवर पुस्तक, पाच सिनेमे आणि त्यांवरचे अब्जावधी डॉलर सगळं होऊन गेलं होतं.

एक जाता जाता. क्विल्यूट ही भाषा जगातल्या मोजक्या अशा भाषांपैकी आहे ज्यांत अनुनासिक व्यंजनंच नाहीत. म नाही, न नाही. पाच-पाच अनुनासिकं बाळगणाऱ्या मराठी माणसाला हे ऐकून जीभ टाळ्याला लावून बघावीशी वाटते. तेवढी एक गोष्टसुद्धा दोन हजारांवर पानांत येत नाही. येतात ते उघडे अंग आणि गरम रक्त. अर्थात मी हे लिहितेय ती वारली चित्रं छापलेल्या चादरीवर बसून, आणि त्या चादरीचे पैसे डहाणूच्या कुठल्या पाड्यावर गेले हे मी दुकानात विचारलं नव्हतं.

आता मुद्दा उरतो तो, मुलींना हे द्यायचं की नाही. अमेरिकेत २००९ साली ग्रंथालयांतून काढून टाकायच्या मागण्या झालेल्या पुस्तकांच्या यादीत ही मालिका पाचवी होती. कारणं दिली होती लैंगिक वर्णन, धार्मिक दृष्टिकोन, वयाला न शोभणारं. गंमत बघा. ज्या पुस्तकात लग्न होईपर्यंत काही होतच नाही त्यावर लैंगिकतेचा आरोप, आणि ट्रकच्या इंजिनाबद्दल अवाक्षर नाही. पुस्तकांवर बंदी मागणाऱ्यांचं मला नेहमी हेच आश्चर्य वाटतं, ते चुकीच्या पानावर बोट ठेवतात. तेव्हा माझं उत्तर, द्यायचं. खुशाल द्यायचं. पण देऊन आपण बाजूला व्हायचं नाही. 'बकवास आहे' म्हणून हसायचं तर अजिबात नाही, कारण त्या क्षणी ती मुलगी पुस्तकाला कव्हर घालते आणि पुढचं सगळं एकटीने वाचते. मग ट्रकबद्दल तिच्याशी बोलणार कोण?

आणि एक आपल्या घरातली गोष्ट. भाचीला मराठी चांगलं येतं. लहानपणी तिने 'किशोर'चे अंक फडशा पाडल्यासारखे वाचले. मग ती तेरा वर्षांची झाली आणि मराठीत तिच्यासाठी मला काही सापडेना. एका बाजूला साहसकथा आणि संस्कारकथा, दुसऱ्या बाजूला थेट विवाहित माणसांची दुःखं. मधल्या पाच-सहा वर्षांत मुलीला जे होतं त्याला कुमारसाहित्यात जागा फार थोडी. आपण गेली कित्येक वर्षं मुलं मराठी वाचत नाहीत म्हणून परिसंवाद भरवतोय. ज्या वयात माणूस स्वतःला शोधायला पुस्तक उघडतो त्या वयाचं पुस्तक आपण ठेवलं नाही, तर ती पोरं फोर्क्सला जाणारच. फोर्क्सची मुलगी, मराठी माणसाने लिहिली असती तर कुठे राहिली असती? आंबोलीला, बहुतेक. पाऊस तरी भरपूर आहे. आणि तिच्या मुंज्याने रात्री येण्याआधी दार वाजवलं असतं तर मला ती गोष्ट वाचायला फारच आवडली असती.

जूनमध्ये भाची परत गेली तेव्हा तिसरा भाग तिने गादीवर उघडाच टाकला होता. उचलून ठेवताना ट्रकचं ते पान दिसलं. समासात पेन्सिलीने एक छोटा बदाम काढलेला, आणि त्याच्या खाली, बहुधा दुसऱ्यांदा वाचताना, निळ्या बॉलपेनने भलंमोठं प्रश्नचिन्ह. बदाम खोडलेला नव्हता. मी तिला फोन करून झापलं, पुस्तकावर बॉलपेन वापरलं म्हणून.